ऐकायला की भरायला

आमच्या ह्यांना बाजारात कुणी नावाने ओळखत नसे. सगळे 'कानसेन' म्हणत. आवाजाच्या सामानाच्या एकाच दुकानात ह्यांनी चौतीस वर्षं काढली. सुरुवातीला रेडिओ आणि टेपरेकॉर्डर, मग अँप्लिफायर, आणि शेवटची पंधरा-सोळा वर्षं संगणकाला जोडायचे स्पीकर, माईक आणि हेडफोन. दुकान मालकाचं होतं, पण गिऱ्हाईक ह्यांचं. मालक समोर बसलेला असायचा आणि लोक त्यालाच विचारायचे, "कानसेन आहेत का आत?" मालकाला ते आवडत नसे, पण करतो काय.

गिऱ्हाईक आलं की ह्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "ऐकायला हवंय की भरायला?" भरायला म्हणजे रेकॉर्ड करायला. कॅसेट भरून द्यायच्या काळातला हा शब्द ह्यांच्या तोंडातून शेवटपर्यंत गेला नाही. समोरचा म्हणायचा, दोन्हीला चालेल असं एकच काहीतरी द्या. झालं, मग व्याख्यान सुरू. "रोजच्या ऐकण्याचं सामान लाघवी असतं. ते खालचा आवाज फुगवतं, कडा घासून गोड करतं, नको ते झाकतं. दमून घरी आलेल्या माणसाला तेच हवं असतं, त्यात काही वाईट नाही. भरायचं सामान तोंडावर खरं बोलतं. खुर्ची करकरली तरी सांगतं. भरणाऱ्याला खरं कळलं नाही तर तो सुधारणार काय? म्हणून एकाच्या जागी दुसरं न्यायचं नाही." हे मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन. आणि गंमत सांगते, एवढं सगळं माहीत असलेल्या माणसाने बरोबर तीच चूक केली.

नोकरी संपल्यावर हे घरात मावेनात. माझ्या स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरवर टीका करणं हा एकच उद्योग उरला होता. "डबा आहे तो डबा," असं दिवसातून दोनदा. मी म्हटलं, मला भाजी चिरताना गाणं ऐकायचंय, खटला नाही चालवायचा. तेवढ्यात तळमजल्यावरची मुलगी एकदा जिन्यात भेटली आणि ह्यांना काम मिळालं.

मुलगी म्हणायची सवय, नाहीतर तिशी ओलांडलेली बाई. जन्मापासून डोळ्यांनी दिसत नाही. मोठ्या रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर आहे. आवाज ऐकला की माणूस ओळखते, आणि तीन मजले वर कुणाच्या दाराला तेल घालायला झालंय तेही सांगते. रुग्णालयाचा स्वतःचा कायदा विभाग आहे. तिथे बदली हवी असेल तर खात्याची परीक्षा द्यावी लागते. तीनदाच देता येते, आणि तिची दोनदा देऊन झाली होती. अडचण पुस्तकाची होती. नऊशे पानांचं जाडजूड पुस्तक, जुन्या छपाईचं. संगणकाच्या यांत्रिक आवाजाकडून वाचून घ्यावं तर त्याला ती अक्षरंच लागत नव्हती, पानभर भलतंच काहीतरी बडबडायचा. जिन्यात तिने ह्यांना एवढंच विचारलं, "काका, त्याहून चांगलं वाचणारं काही मिळतं का तुमच्या दुकानात?"

"मिळतं की," हे म्हणाले. "घरात आहे माझ्या."

ते मिळणारं म्हणजे मी. मला न विचारता माझी नेमणूक झाली. जोडीला वरच्या मजल्यावरच्या मोठ्या बाई, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. वय सत्तर, आवाज खणखणीत, आणि स्वल्पविरामाला थांबायचं म्हणजे थांबायचंच. एक तास त्यांनी वाचायचं, एक तास मी. हे ऐकणार आणि भरणार. त्या दिवसापासून हे तिला 'वकीलबाई' म्हणायला लागले. ती लाजायची, पण तिला आवडायचं.

अडगळीची खोली रिकामी झाली. भिंतींना जुन्या रजया लटकल्या, खिडकीच्या फटी बंद झाल्या. माईक आला, आवाज आत घेणारी वेगळी पेटी आली, ह्यांचे भरायचे हेडफोन आले. जुना संगणक होता, त्याचा पंखा घरघरायचा. दोन पानं भरून झाल्यावर ह्यांनी तो काढूनच टाकला आणि नवीन जुळवून आणला. मला हात धरून त्या खोलीत नेलं, दार लावलं, त्या नव्या संगणकाच्या डब्याला कान लावला आणि मलाही लावायला लावला. "काय ऐकू येतंय?" मी म्हटलं, काही नाही. "तेच तर. चालू आहे हां तो." मोठ्या बाईंनीही कान लावून खात्री केली. त्यांनीही मान डोलावली. आम्हां तिघांचं एकमत झालं, आणि त्याच दिवशी काम सुरू झालं.

अकरा महिने. रविवार सोडून रोज दुपारी दोन तास. पंखा बंद, घामाच्या धारा, आणि कलमांवर कलमं. मी एखादा शब्द अडखळले की हे काचेतून बघावं तसं बघायचे आणि बोट वर करायचे. पुन्हा. एकदा माझ्या बांगडीचा आवाज आला म्हणून अर्धं प्रकरण पुन्हा वाचायला लावलं. मी त्या दिवशी बोलले नाही ह्यांच्याशी. पण खरं सांगायचं तर तो काळ चांगला होता. दुकान सुटल्यापासून ह्यांचा चेहरा उतरला होता तो सावरला. दर शनिवारी आठवड्याचं काम पेन ड्राइव्हवर घालून हे स्वतः खाली द्यायला जायचे.

दुसऱ्याच महिन्यात ह्यांनी तिला एक भेट दिली. ती कसल्याशा स्वस्तातल्या इअरफोनवर ऐकते हे ह्यांना कळलं आणि ह्यांचा जीव तळमळला. आपल्याकडचे दुसरे भरायचे हेडफोन काढले, जपून ठेवलेले, आणि तिला नेऊन दिले. मी म्हटलं सुद्धा, अहो, ती दिवसभर फोन कानाला लावून बसते, तिला मऊसं काहीतरी द्या. तुम्हीच सांगता ना, भरायचं सामान ऐकायला नको म्हणून. तर म्हणाले, "हे काय गाणं आहे? हा अभ्यास आहे. अभ्यासाला खरं सामान हवं." पुढे दर शनिवारी विचारायचे, "कसे आहेत हेडफोन?" ती म्हणायची, "एकदम स्वच्छ, काका." हे फुलून वर यायचे.

दोन प्रकरणं उरली आणि परीक्षेला एकोणीस दिवस राहिले, तेव्हा ह्यांनी तिला चहाला बोलावलं. एवढं जिथून आलं ती खोली एकदा बघून जा म्हणाले. ती सकाळची पाळी संपवून आली. मोठ्या बाई होत्याच. ह्यांनी तिचा हात धरून सगळं दाखवलं. हा माईक, ही पेटी, ह्या रजया. ती प्रत्येक वस्तूवरून बोटं फिरवत होती आणि हसत होती. मग ह्यांनी दार लावलं, आणि तिने मान एका बाजूला वळवली.

"अच्छा," ती म्हणाली. "इथे असते होय ती."

"कोण?" ह्यांनी विचारलं.

"शिट्टी."

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. "कसली शिट्टी?" मोठ्या बाई म्हणाल्या. "कुणी वाजवत नाही इथे."

ती दोन पावलं चालली, वाकली, आणि संगणकाच्या मागच्या बाजूवर बोट टेकवलं. "ही काय. बारीक आहे, पण सतत आहे. मध्येच खाली-वर होते." आणि मग आमच्या गप्प बसण्यातून तिला काहीतरी उमगलं असावं, कारण ती पटकन म्हणाली, "फार नाही हो. मला उगाच ऐकू येतं."

हे आधी हसले. मग म्हणाले, परीक्षा घेऊ. तिला म्हणाले, "तिकडे तोंड कर म्हणजे तुला दिसणार नाही." म्हणून गेल्यावर स्वतःच ओशाळले. ती म्हणाली, "केलं हं काका तोंड," आणि खरंच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ह्यांनी आवाज न करता बटण बंद केलं. "गेली," ती म्हणाली. चालू केलं. "आली." पाच वेळा केलं. पाचही वेळा बरोबर. सहाव्यांदा ह्यांनी काहीच केलं नाही, नुसता हात पुढे नेला. तिने काही म्हटलं नाही.

ह्यांनी हेडफोन लावले. भरलेलं एक प्रकरण लावलं, आवाज वाढवला, आणखी वाढवला. माझाच आवाज लांबून मला ऐकू येत होता इतका. "नाही," हे म्हणाले. "काही नाही." मग ह्यांनी ते केलं जे चौतीस वर्षांत कधी केलं नव्हतं. संगणकावर आवाजाचा आलेख उघडला. आवाज कानाने पारखायचा, डोळ्याने नाही, असं म्हणून हे त्या आलेखांची कायम टर उडवायचे. पडद्यावर माझा आवाज वर-खाली पसरला होता, आणि त्याच्या वरच्या अंगाला एक बारीक रेघ होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, जरा हेलकावत, कुठेही न तुटता. ह्यांनी दुसरं प्रकरण उघडलं. तिथेही. पहिल्या महिन्यातलं उघडलं. तिथेही होती. हे खुर्चीत बसले ते बसलेच. एकशे नव्वद तास भरून झाले होते.

मला तेव्हा थर्मामीटर आठवला. मागच्या थंडीत मला ताप होता तर तो थर्मामीटर वाजेचना. हे म्हणाले बिघडलाय, मी म्हटलं बिघडलाय. दोघांनाही ऐकू येत नाही म्हणजे बिघडलेलाच असणार. सेल बदलला, मग टाकूनच दिला. पासष्ट वर्षांचा एक, बासष्टची एक आणि सत्तरची एक, अशा तिघांनी कान लावून त्या खोलीला शांततेचं प्रमाणपत्र दिलं होतं. ते देताना चौथ्या कुणाला विचारावं असं एकालाही सुचलं नाही. सुचणार कसं, कानसेन घरात असताना.

मोठ्या बाईंना पटत नव्हतं. "मी तर माझ्या फोनवर ऐकते, छान लागतं."

"फोनवर नाही येत ती फारशी," वकीलबाई म्हणाली. "माझ्या जुन्या इअरफोनवरही पहिल्या महिन्यात जेमतेम होती. काकांच्या हेडफोनवर सगळं कसं स्वच्छ येतं. शिट्टीसुद्धा."

तिने ते कौतुकाने म्हटलं. तिच्या आवाजात दुसरं काही नव्हतं, मी शपथेवर सांगते. हे पडद्याकडेच बघत राहिले. मग हळू आवाजात विचारलं, "मग जुने का नाही लावलेस?"

"तुम्ही दर शनिवारी विचारायचात ना."

 खोदून विचारल्यावर बाकीचं निघालं. चाळीस मिनिटांवर ऐकलं की कपाळ ठणकायचं. मग ती हेडफोन काढून बसायची, थोड्या वेळाने पुन्हा लावायची. शेवटच्या काही महिन्यांची प्रकरणं एकदाच ऐकून झाली होती, काही तर अर्धीच. ती समजत होती आपलंच लक्ष लागत नाही.

त्या दिवसापासून ह्यांनी ते साफ करायला घेतलं. नवा संगणक बाहेर काढला, दुसरा आणला. शिट्टी गाळायची एक सोय असते म्हणे. पण ती मेली एका जागी बसणारी नव्हती, आणि जिथे फिरत होती तिथेच आपल्या बोलण्यातले स आणि श राहतात. कायद्याचं पुस्तक म्हणजे साक्ष, शिक्षा, शपथ आणि संशय. शिट्टी गाळली की माझी जीभ जड होत होती, जीभ राखली की शिट्टी परत येत होती. आणि यातलं काय झालं ते ह्यांना स्वतःला कळत नव्हतं. ती कामावरून दमून यायची, इथे बसायची, आणि सांगायची. "आहे अजून." "आता गेली, पण काकू बोबड्या झाल्या." "आता दोन्ही थोडं थोडं आहे." हे बटण फिरवायचे आणि तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. दुकानात लोक ह्यांच्या तोंडाकडे असे बघायचे.

चौथ्या दिवशी मी तो खेळ थांबवला. मी म्हटलं, तिला अभ्यास करायचाय की तुमचं यंत्र दुरुस्त करायचंय? हे उसळले नाहीत, नुसते बाजूला झाले, आणि ते मला उसळण्यापेक्षा वाईट वाटलं. मग ठरलं असं की झालंय तेवढं घोंगडी पांघरल्यासारखं दबकं करून तिच्या जुन्या इअरफोनसाठी द्यायचं, आणि तिने रोज पाळी सुटली की वर यायचं. मी आणि मोठ्या बाई तिच्यासमोर बसून वाचणार. माईक नाही, पेटी नाही. पण नऊशे पानं. समोरासमोर वाचायचं म्हणजे ती मध्येच थांबवणार, पुन्हा विचारणार, आणि तो तिचा हक्कच होता. मोठ्या बाईंचा घसा बसला. मी एकटी वाचत राहिले. एक तृतीयांश पुस्तकही झालं नाही. हे तेवढा वेळ शेजारच्या खोलीत बसून असायचे. आत या म्हटलं तर म्हणायचे, "मी काय करू तिथे?" आणि खरंच, काय करणार होते?

मध्ये मी ह्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कागदावर एक रेघ काढून दाखवली. निम्म्यापर्यंत सरळ आणि मग जिना उतरावा तशी खाली. "वयाप्रमाणे आहे," डॉक्टर म्हणाले. हे तो कागद घडी करून खिशात घालून घरी आले. आल्यावर म्हणाले, "म्हणजे दुकानातली शेवटची पाच-सहा वर्षं मी लोकांना काय सांगत होतो, कुणास ठाऊक." मी म्हटलं, कुणी तक्रार केली नाही ना? त्यावर हे माझ्याकडे असं बघत राहिले की मी जीभ चावली. अजूनही ओळखीतलं कुणीतरी फोन करतं, संगणकाला काय घेऊ म्हणून. पूर्वी तासभर बोलणारा माणूस आता म्हणतो, "मला विचारू नका," आणि फोन माझ्या हातात देतो.

परीक्षा झाली. सहा आठवड्यांनी निकाल लागला, आणि तो सांगायला ती स्वतः जिना चढून आली. पन्नास लागत होते, शेहेचाळीस मिळाले. सांगताना आवाज अगदी सरळ होता, फोनवर कुणाला तरी विभागाचा क्रमांक सांगावा तसा. चौथी संधी नाही. "माझंच कच्चं होतं, काका," ती म्हणाली. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

चार गुण. शिट्टी नसती तर ते मिळाले असते का? मिळाले असते असं म्हणवत नाही, नसते मिळाले असंही म्हणवत नाही. मोजून बघायची सोय नाही. हे मान खाली घालून ऐकत होते, आणि ती ह्यांचीच समजूत घालत होती. मला ते सोसेना. मला राग आला, आणि राग आला की मी कुणावर काढते त्याचं मला भान राहत नाही. मी म्हटलं, "अगं, अकरा महिने! दर शनिवारी हे तुझ्या दारात येत होते. एकदा, एकदा तरी सांगायचंस. अर्ध्या दिवसात संगणक बदलला असता. का नाही सांगितलंस?"

तिने मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "काकू, पहिल्या परीक्षेच्या वेळी असंच एक मंडळ मला पुस्तक भरून देत होतं. चांगली माणसं होती. एक ताई फार भरभर वाचायच्या. मी म्हटलं, जरा सावकाश वाचाल का? एवढंच म्हटलं. हो म्हणाले." ती हसल्यासारखी झाली. "पुढचं प्रकरण आलंच नाही."

आम्ही दोघंही खाली मान घालून बसलो.  मग माझ्या लक्षात आलं, की आमच्या माना तिला दिसत नाहीयेत. तिला फक्त एवढंच कळतंय, की तिने काहीतरी सांगितलं आणि समोरची माणसं गप्प झाली.

"बोला हो काहीतरी," मी ह्यांना म्हटलं.